काकीची ओळख कोण देणार

पुष्पाकाकीला ओळखत नाही असं कोल्हारात कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी बहात्तर साली, त्याच कोल्हारच्या बँकेत, तिची ओळख द्यायला माणूस मिळेना. मी शाळामास्तर. पोरांना दिवसभर व्यवहारी अपूर्णांक समजावून सांगणारा माणूस. पण त्या आठवड्यात बँकेत जे चाललं होतं ते मला समजलं नाही, आणि समजलं असं म्हणणाऱ्यावर मी विश्वासही ठेवणार नाही.

माझे काका सूर्यभान. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत ते इटलीत कैदेत होते. कैदेतून पळाले आणि एका शेतकऱ्याच्या गोठ्यात लपून राहिले. त्या शेतकऱ्याची मुलगी त्यांना चोरून जेवण आणून द्यायची. लढाई संपल्यावर काका घरी आले, आणि त्यांच्यामागोमाग काही काळानं ती मुलगी बोटीनं मुंबईला उतरली. तिचं नाव तेरेझा मोरेत्ती.

गावात जातीधर्माचा धुरळा उडायचा तेवढा उडाला आणि बसला. खरं अडलं ते माहेरावर. नवरी आणायची कुठून, तिला हळद लावायची कुणी, कन्यादान करायचं कुणी? नदीपलीकडच्या वाडीत काकांचे स्नेही भिमाजी आणि त्यांची बायको गोजराबाई राहायचे. घरात सगळे मुलगेच. आपल्या हातून कन्यादान घडणार नाही, याची गोजराबाईला फार चुटपुट. ती म्हणाली, "आमी करतो की." मग तेरेझाला वाडीत नेलं, तिथे हळद लागली, आणि नवरी बैलगाडीतून आमच्या दारात आली. काकांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, पुष्पावती.

तेव्हापासून वाडी हे तिचं माहेर. दिवाळीला थोरला भाऊ सहादेव तिला न्यायला यायचा. काकांशी भांडण झालं की काकी डोक्यावरचा पदर घट्ट करून तरातरा नदी ओलांडायची, आणि गोजराआजी तिला जेवू घालून, चार शब्द सुनावून परत धाडायची. काकाकाकींना मूल झालं नाही. मीच त्यांच्याकडे वाढलो. आपली काकी परदेशी आहे हे मला ठाऊक होतं, पण आपल्याला मूत्रपिंड आहे हे ठाऊक असतं तसं. रोज कोण त्याचा विचार करतो?

काका वारले, आणि वर्षभरानं इटलीहून काकीच्या सख्ख्या भावाचं पत्र आलं. आई अंथरुणाला खिळली आहे, सारखी तुझं नाव घेते, तिकिटाचे पैसे बँकेतून पाठवतो आहे, लवकर ये. काकी पत्र हातात धरून ओसरीवर बसली होती. मधेच अडली. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "मच्छिंद्रा, ह्यो शबूद मला येत हुता रे." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या भाषेत मी तिचा ओरडा खाल्ला त्याच भाषेत ती रडत होती, आणि अडली होती दुसऱ्याच भाषेत.

थोड्या दिवसांनी बँकेचा निरोप आला. तेरेझा मोरेत्ती यांच्या नावाचा ड्राफ्ट आहे, ओळख पटवून घेऊन जावा. मी काकीला घेऊन गेलो. मॅनेजर टिपणीस नावाचे होते, नुकतेच पुण्याहून आलेले, सज्जन आणि घाबरट. काकीनं ट्रंकेतला जुना पासपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. फोटोत कुरळ्या केसांची, कोवळ्या गालांची पोर. समोर नऊवारी लुगड्यातली, शेतात राबून काळवंडलेली बाई. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. काका गेल्यापासून कुंकू नव्हतं, त्यामुळे कपाळावरचं गोंदण जास्तच उठून दिसायचं.

"ही कोण?" टिपणीसांनी फोटोवर बोट ठेवलं.

"मीच की."

"यात लिहिलंय, चेहऱ्यावर खूण काही नाही. मग हे गोंदण?"

"आईनं गोंदवून घेतलं."

"इटलीत?"

"न्हाई वो. वाडीत."

"पण तुमची आई इटलीत आजारी आहे ना?"

"हाय की," काकी म्हणाली.

टिपणीसांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मग त्यांनी नियम सांगितला. बाईंना ओळखणारा, या शाखेत खातं असलेला माणूस आणा. गावचा एखादा दाखलाही आणा. मी मनात म्हटलं, एवढंच ना?

सरपंच श्रीमंततात्यांनी दाखला जागच्या जागी लिहून दिला, तोही नको तितक्या मायेनं. "सदरहू पुष्पावती सूर्यभान ही बाई मूळची इथलीच असून वाडीचे कै. भिमाजी यांची औरस कन्या आहे. तिची चालचलणूक उत्तम." मी म्हटलं, तात्या, ही इटलीची आहे असं लिहायचं होतं. तात्या माझ्यावरच डाफरले. "तिला परकी म्हनू? नवऱ्यामागं एकली बाई हाय, आन् तिला गावानंच परकी म्हनायचं? तू मास्तर झालास म्हून काय बी सांगशील व्हय?" शिक्का एवढ्या जोरात मारला की टेबल हाललं.

दुसऱ्या दिवशी सहादेवमामा बँकेत आले. त्यांचं उसाचं खातं त्याच शाखेत होतं. धुतलेलं धोतर, नवा फेटा. बहिणीच्या कामाला यायचं म्हणून दाढीसुद्धा करून आलेले.

"या बाईंना तुम्ही ओळखता?" टिपणीस.

"सख्खी भैन हाय माझी."

"सख्खी?"

"मंग काय चुलत? आमच्याच दारातनं हिचं वऱ्हाड निघालं. माझ्या आईबापानं कन्यादान केलं. इचारा कुनाला बी."

टिपणीसांनी दाखला वाचला, पासपोर्ट पाहिला, ड्राफ्ट पाहिला, आणि डोकं दोन्ही हातांत धरलं. "सरपंच म्हणतात या इथल्या. खातेदार म्हणतात सख्खी बहीण. ड्राफ्ट आहे इटलीच्या बाईंचा. मग मी तो यांना कसा देऊ? तुम्हीच सांगा. उद्या तपासणी आली तर माझी नोकरी जाईल."

यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. सहादेवमामांचं बरोबर, तात्यांचं त्यांच्या परीनं बरोबर, टिपणीसांचंही बरोबर. या सगळ्या बरोबर माणसांच्या मधे माझी काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती, आणि तिकडे तिची आई मरणाच्या दारात होती. मला सगळ्यांचाच राग आला. काकीचाही आला. इतकं कशाला इथलं व्हायचं माणसानं?

टिपणीसांनीच शेवटी वाट काढली. "या पहिल्यांदा आल्या तेव्हा पासपोर्टवाली मुलगी हीच, असं डोळ्यांनी पाहिलेलं कुणी आहे का?"

होतं. मुंबईच्या धक्क्यावर काकांबरोबर सहादेवमामा गेले होते. फोटोतली कुरळ्या केसांची पोर त्यांनी बोटीतून उतरताना पाहिली होती. बाकी जे गेले होते ते आता हयात नव्हते.

"मग तुम्ही स्टँप पेपरवर लिहून द्या," टिपणीस म्हणाले. "ही तीच बाई. आणि आधी बहीण म्हणून सांगितलंत, दाखल्यातही तेच आहे, तेव्हा हेही लिहा की ही माझी बहीण नाही, माझ्या आईवडिलांची मुलगी नाही."

मामांचा चेहरा उतरला. "रगताचं नातं न्हाई, हे लिवतो."

"तेवढ्यानं भागणार नाही."

"सायेब, माझा बाप वरती कन्यादानाचं पुन्य गाठीला बांधून गेलाय. आता मी लिवू, पोरगी त्याची नव्हतीच? मंग त्यानं दान कशाचं केलं?"

टिपणीसांनी नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात कन्यादान नव्हतं.

"दादा, ऱ्हाऊ दे," काकी उठत म्हणाली. "मी न्हाई जात."

एवढंच बोलून ती बाहेर पडली. आम्ही मागोमाग. मला वाटलं ती घराकडे वळेल. पण तिची पावलं सवयीनं नदीकडे वळली, जशी ती काकांशी भांडल्यावर वळायची. त्या साली पाऊस नव्हता. वाळूतून चालतच आम्ही पलीकडे गेलो.

गोजराआजी ओट्यावर बसून हातानं चाचपत मटकी निवडत होती. तिला आता नीट दिसायचं नाही. काकी तिच्याजवळ जाऊन बसली आणि सुपातली मटकी निवडायला लागली. मामांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. मधेच त्यांचा आवाज चढायचा, मधेच बसायचा.

आजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ल्ही की मंग."

"आये, काय बोलतीस? ही आपली न्हाई म्हनून लिवू?"

"आपली हाय व्हय?" आजीनं विचारलं. "मांडवात हिच्या हातावर पानी सोडलं मी. तुझ्या बानं बी सोडलं. पानी सोडल्याली चीज माघारी आपली ऱ्हाती का? ऱ्हाती म्हनलास तर ते दान झालंच न्हाई. उलट तू लिवलं न्हाई तर तुझ्या बाचं पुन्य बुडतं."

मामा बघतच राहिले. मीही. आजी काय म्हणाली ते मी मनात दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं, मला त्यात खोट सापडेना.

आजीचा हात मटकीतून काकीच्या हातावर आला. "आन् तुझ्या तिकडच्या आईनं तर पानी बी सोडलं न्हाई, पोरी. तू तशीच निघून आलीस. तिची तू अजून हाईस. जा तिच्याकडं."

काकीनं डोकं आजीच्या मांडीवर टेकलं. पन्नाशीकडे झुकलेली बाई ती, लहान पोरीसारखी हमसून रडली. आजी मात्र रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तिकडं थंडी लई आसती ना? घोंगडी हाय का घरात?"

दुसऱ्या दिवशी मामा बँकेत आले ते बिनफेट्याचे. मी मजकूर सांगत गेलो, त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. "सदर बाई माझी बहीण नाही. तिचा व आमच्या घराचा काही संबंध नाही. ती आमची कोणी नाही." सही केली, पेन ठेवलं, आणि काकीकडे न बघता म्हणाले, "भाऊबीजेच्या आत ये." टिपणीसांनी ते ऐकलं, पण न ऐकल्यासारखं करून शिक्का मारला.

मग मुंबईच्या खेपा, नवा पासपोर्ट, आणखी कागद, ते सगळं झालं. मी काकीला विमानात बसवून आलो. शाळेत पोरांनी विचारलं, गुरुजी, काकी कुठं गेली? मी म्हणालो, माहेरी. पोरांना वाटलं वाडीला.

भाऊबीजेच्या आत ती परतली. एस.टी.तून उतरली ती घरी आलीच नाही. बॅग माझ्या हातात दिली आणि नदीकडे निघाली. मला तिच्यामागं जावंच लागलं.

गोजराआजी त्याच ओट्यावर होती. पावलं वाजली तशी तिनं मान वर केली. "कोन हाय?"

"तुमची कोनी न्हाई ती," काकी म्हणाली.

"मंग भायेर का उबी? आत ये."

काकी तिच्यापुढे जाऊन बसली. आजीनं तिच्या अंगावर, दंडावर हात फिरवला. वाळलीस, म्हणाली. मग विचारलं, "वळखलं का आईनं?"

"तोंडावरनं न्हाई. मी हाक मारली तवा वळखलं." काकी सांगत गेली. "बोलायला मला धड येईना. ती बोलायची, मी नुसती बघायची. मग तिनं ह्या गोंदनावर बोट ठिवलं आन् इचारलं, ह्ये कुनी केलं."

"मंग काय सांगितलंस?"

"तेवढं मला बोलता आलं. म्हनलं, आईनं."

आजीचा हात काकीच्या कपाळाशी आला होता, तो तिथंच राहिला. "काय म्हनली ती?"

"बरं दिसतं म्हनली," काकीनं सांगितलं.

मग आजी सुनेला हाक मारून म्हणाली, लेक आलीय, भाकरी टाक.