बुवांच्या काखेतला बुक्का

कुंदाताईंनी खोक्यातला कापूस बाजूला सारला आणि हात झटकन मागे घेतला.

“अस्मी, हे आपले बुवा नव्हेत.”

“आई, प्लीज. डोन्ट स्टार्ट,” लेक दबक्या आवाजात म्हणाली.

बुवा म्हणजे दगडाचं एक अस्वल. वीतभर उंच, एका पायावर उभं, दोन्ही हात वर. कॅनडाच्या पार उत्तरेला, बर्फात राहणाऱ्या इनुइट लोकांपैकी कुणीतरी कोरलेलं. कुंदाताईंचे यजमान संजय फुजैराच्या बंदरात नोकरीला होते, तेव्हा मायदेशी निघालेल्या एका कॅनेडियन कप्तानानं ते त्यांना दिलं होतं. ते घरी आलं आणि कुंदाताई बघतच राहिल्या. अहो, कीर्तन रंगात आलं की बुवा अशीच तर गिरकी घेतात! झालं, अस्वलाचे बुवा झाले आणि देव्हाऱ्याशेजारी उभे राहिले. मोबाइलवर कीर्तन लावलं की आधी बुवांच्या कपाळी बुक्का लागायचा. एसीच्या हवेत दगड कोरडा पडू नये म्हणून दर शनिवारी तेलाचा हात फिरायचा. या सेवेनं बुवा काळेभोर, तुकतुकीत झाले होते.

पुढे संजय गेले. यंदा अस्मीला टोरांटोत प्रवेश मिळाला. फीचा पहिला हप्ता भरायचा तर घरात विकण्याजोगं एवढंच होतं. म्हणून बुवांना दुबईत अशा वस्तू पारखून विकत घेणाऱ्या नबिलाकडे ठेवलं. ठेवतानाच कुंदाताईंचं मन खात होतं. दगड बघायला आठवडा कशाला हवा? आणि आज शारजाहून ट्रॅफिकमध्ये रखडत यावं, तर समोर हे असं! हिरवट-राखाडी, पांढऱ्या ठिपक्यांचं, रुक्ष.

“हमारावाला काला था,” कुंदाताई म्हणाल्या.

“वही है, आंटी. साफ किया है,” नबिला म्हणाली.

“साफ किया, के बदली किया?”

नबिलाचा चेहरा ताठ झाला. “शक तो पहले मुझे हुआ था. लोग नए पत्थर पर तेल-पॉलिश मलकर पुराना बताते हैं. आपका तो पूरा चिपचिपा था. मैंने सोचा, आंटी मुझे बेवकूफ बना रही हैं.”

कुंदाताईंची कानशिलं तापली. वर्षानुवर्षांची सेवा, आणि या पोरीच्या लेखी ती लबाडी!

नबिलानं अस्वल उलटं केलं. तळाला त्रिकोण, हुकासारखे बाक, टिंबं अशी बारीक अक्षरं होती. कोरणारीचं नाव, इनुइट लिपीतलं, ती म्हणाली. तेलाच्या थराखाली दडलं होतं.

“बघ! आपल्या बुवांच्या पायाखाली असलं काही नव्हतं,” कुंदाताई लेकीच्या कानाशी लागल्या.

“आई, शेप सेम टू सेम आहे.”

“साच्यातून असे शंभर काढतील!”

“अठारह हजार दूँगी,” नबिला म्हणाली. “भरोसा नहीं, तो ले जाइए. खलास.”

अठरा हजार दिरहम, म्हणजे चार लाखांच्या वरच. कुंदाताईंनी लेकीकडे पाहिलं. हप्ता भागत होता. पण खरे बुवा आतल्या कपाटात दडवलेले असतील, तर? फसवणुकीवर आपल्याच हातानं सही करायची?

“चल, घेऊन जाऊ,” त्या म्हणाल्या. अस्मीनं मान खाली घातली.

कुंदाताईंनी अस्वल उचललं. इतक्या वर्षांची सवय, हातांनी ते आपसूक स्वतःच्या कपाळाशी नेलं. आणि त्या थांबल्या. वास आला. ओळखीचा, घरचा वास. त्यांनी चष्मा सारखा केला. वर उचललेल्या हाताखाली, काखेच्या घळीत, ब्रश पोचला नव्हता तिथं चिमूटभर काळं साचून होतं. त्यांनी तिथं बोट फिरवून नाकाशी नेलं.

बुक्का!

“बुवा,” त्या पुटपुटल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मग नबिलाकडे वळल्या. “माफ करना, बेटी. मेरेच हैं.”

“मैंने भी तो आपको चोर समझा,” नबिला ओशाळं हसली. तिनं वाकून काखेत पाहिलं आणि कापसाची काडी घेतली. “ये रह गया. अभी निकाल देती हूँ.”

कुंदाताईंनी तिचं मनगट धरलं.

“रहने दो. लंबा जाना है उनको. वाटेची शिदोरी आहे ती.”

नबिलाला ते कितपत कळलं कोण जाणे. तिनं काडी खाली ठेवली.

कीर्तन संपल्यावर लावतात तसा कुंदाताईंनी बुवांच्या त्या एकुलत्या टेकलेल्या पायाला हात लावला.

“अस्मी, पाया पड.”

“आई... हिअर?”

“इथंच. तुझ्यासाठीच निघालेत ते.”

अस्मीनं इकडेतिकडे पाहिलं आणि वाकली. कुंदाताईंनी पदरानं बोटाचं काळं पुसलं आणि सहीसाठी पेन मागितलं.