पाचूच्या पोटातलं धुकं

श्यामलाचं पत्र येऊन चार महिने झाले, तरी नृसिंह मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. "काका, पंच्याण्णव साली लग्नाआधी सासऱ्यांनी तुमच्याकडून तपासून मला दिलेला पाचू आता मुंबईच्या प्रयोगशाळेनं कारखान्यातला ठरवलाय. सासरचे म्हणतात, मीच बदलला. खड्याच्या आतला फोटो पाठवते आहे. हा तोच का, एवढंच सांगा."

मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यावर गुजरीत, सराफांच्या गल्लीत, गणपतरावांच्या पेढीवर बसून खडे पाहायचे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल त्याचं चित्र वहीत काढायचं, ही त्यांची सवय. पत्र आलं त्याच दुपारी त्यांनी वही उघडली होती. फोटोत खड्याच्या पोटात दिसणारं धुकं चित्रातल्या धुक्याशी रेघेला रेघ जुळलं. पोट निर्मळ दिसलं तर काच, धुकं दिसलं तर खाणीतला, एवढ्या समजुतीवर त्यांनी 'अस्सल' लिहून सही ठोकली होती. भट्टीत वाढवलेल्या पाचूतही असंच धुकं धरतं, हे त्यांनी फार उशिरा वाचलं.

बुधासाठी करंगळीत पाचू घालणारी निम्मी गल्ली त्यांच्या सहीवर विसंबून होती. "मास्तर, गुण आला बघा," असं म्हणत कुणी हात पुढं केला की ते सूक्ष्मदर्शकात डोकं खुपसत. बाहेर पडावं तर अंगठ्या, घरात बसावं तर ती वही.

"गप बसा की मास्तर," गणपतराव म्हणाले. "एक चुकलं म्हणालासा, तर सगळं कोल्हापूर खडं घिऊन दारात हुबं ऱ्हाईल. तुमच्या न्हाय, माझ्या!"

"आणि ती पोरगी?"

"तिला घालवली की सासरच्यांनी कुरुंदवाडला, म्हायेरी. गेल्याच आठवड्यात. लेकरू तेवढं ठिवून घेतलंया म्हणं."

मास्तर उठले. चष्मा पुसला, पिशवी उचलली आणि भर दुपारी घरी आले.

तीन कागद फाडले. प्रत्येकात सबबीच फार झाल्या होत्या. चौथ्यावर लिहिलं : "खडा तोच आहे. तू तो बदललेला नाही. चूक माझी. वहीतलं पान सोबत जोडतो, सासऱ्यांना दाखव. त्यांनी बोलावलं तर मी समोर येऊन सांगेन."

पोस्टातल्या कारकुनानं पाकीट उलटंपालटं केलं. "पाठवणाऱ्याचं नाव कुठं हाय, आजोबा? त्याबिगर रजिस्टर हुत न्हाय."

"मग राहू दे... साधंच टाकतो," म्हणत मास्तरांनी पाकीट मागं ओढलं. मागं रांग खोळंबली होती. पाकिटातलं वहीचं पान त्यांच्या बोटांना लागलं; पेन मागून त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, खाली गल्लीसकट पत्ता. शिक्का बसला. कारकुनानं पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.