टीव्हीवरचा नौफेल

"उंबरा ओलांडू नकोस, वनासामावशी. कुसकुसचं ताट घेऊन आल्या पावली परत जा."

सालहानं दारात हात आडवा धरला. परवा मजूर बायकांचा ट्रक ओढ्यात उलटला, सात जणी गेल्या. त्यात सालहाची धाकटी बहीण रिबह. सुतकाच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारणी ताटं आणतात. वनासानंही आणलं होतं.

"मी काय केलं गं?"

"तू नाही, तुझ्या लेकानं. काल टीव्हीवर दात काढून म्हणाला, या बायकांना ट्रकात उभं राहायला सांगितलं कुणी? जिवाची काळजी त्यांनाच नको?"

टोमॅटोच्या मळ्यावर जाणाऱ्या त्याच ट्रकात वनासा अकरा वर्षं उभी राहिली होती. बायकांनी बसून जागा अडवू नये म्हणून ड्रायव्हर तळाला मुद्दाम पाणी ओतून ठेवायचा. त्या मजुरीवर तिचा नौफेल शिकला, मास्तर झाला. मजूर बायकांसाठी बस आणतो म्हणाला, म्हणून याच गल्लीनं त्याला खासदार केलं. बस आली नाही. पुढच्या निवडणुकीत तोंडावर आपटला, तसा राजधानीत, ट्यूनिसला पळाला. आता रोज संध्याकाळी तोंडाला पावडर फासून जगाला अक्कल शिकवतो.

"शब्द मागे घेईल तो. माझ्या पोटचा आहे," वनासा म्हणाली आणि दारातच, सगळ्यांच्या देखत, तिनं फोन लावला.

"अगं आई, तसं बोललं की लोक बघतात. चॅनेलवाले खूश आहेत."

"चुलीत घाल तुझं चॅनेल! आज सांग, माझी आई त्या पाण्यात अकरा वर्षं उभी होती. एवढंच सांग."

"बरं बाई, सांगतो."

"शपथ घे."

"तुझी शपथ."

सालहानं आडवा हात काढला.

संध्याकाळी सालहाच्या मुलीच्या फोनभोवती बायका दाटीवाटीनं बसल्या. नौफेल आला. नवा कोट, हात छातीवर.

"माझी स्वतःची आई अकरा वर्षं त्या ट्रकात उभी राहिली."

वनासाची मान ताठ झाली. कुणीतरी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पण ती कधी पडली नाही. का? तिनं दांडा घट्ट धरला होता! आजकालच्या बायकांना फोनवर बोलायचं असतं, मग हात..."

समोरच्या सूत्रसंचालकानं मान डोलावली. मुलीनं फोन पालथा घातला. गुडघ्यावरचा हात निघून गेला होता.

"खोटं आहे," वनासा म्हणाली. "मी पडले होते. दोनदा. दुसऱ्यांदा रिबहनं मला पदराला धरून वर ओढलं. पंधरा वर्षांची होती पोर."

सालहानं तोंड फिरवलं.

वनासा भिंतीला धरून उठली. बाहेर पुरुषांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, पण ती खाली मातीतच टेकली, दाराला लागून. घरी गेली नाही. एक बाई चपला शोधत बाहेर आली, तिच्यापाशी क्षणभर थांबली, आणि मग वळसा घालून गेली.