खिशातील पट्टीची सवत

मी बोलते आहे ती एका वृद्ध शास्त्रज्ञाच्या मुठीतून. मी हिशेबाची सरकती पट्टी. शिकलेली माणसे मला स्लाइड रूल म्हणत. काया लाकडाची, वर शुभ्र मुलामा, त्यावर काळ्या रेघा. मधली पट्टी सरकवली की गुणाकार झालाच.

तो पदार्थविज्ञान शिकू लागला तेव्हा थोरल्या बहिणीने मला त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवले, अगदी हृदयापाशी. जी जागा मिळवायला भक्ताला जन्म वेचावा लागतो, ती मला अनायासे लाभली.

संत सहा रिपू सांगतात. त्यांतला शेवटचा, मत्सर, माझ्या वाट्याला सगळाच्या सगळा आला. त्याचे लग्न झाले तेव्हा मी जळले. पण पत्नी हिशेबात लुडबुडत नसे, म्हणून निभावले.

पुढे तो तारेच्या कुंपणाआड अण्वस्त्राच्या कामावर रुजू झाला. तिथे खोलीभर पसरलेले गणनयंत्र आले.

“काय हो, अजून पट्टीच घासताय? द्या आता तिला पेन्शन!” सहकारी म्हणाले.

तो हसला, आणि मी घरच्या टेबलाच्या खणात जाऊन पडले. त्या सवतीचे तोंड मी कधी पाहिले नाही. पण रोज संध्याकाळी त्याच्या सदऱ्याला तिच्या तेलाचा वास येई.

एका सुटीच्या दुपारी निरोप आला. यंत्र बंद पडले होते. अस्त्र किती उंचीवर फुटले तर किती वस्ती नष्ट होईल, याचा अंदाज संध्याकाळच्या आत हवा होता. त्याने खण उघडला. मी धन्य झाले! स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो बसला. शेजारी पत्नी मटार सोलत होती.

“दोनावर का थांबलात? दोन काय?” तिने माझ्याकडे पाहत विचारले.

“माणसं.”

“दोनच?”

“पट्टीवर नुसता आकडा दिसतो गं. दोन, वीस, दोन लाख, सगळ्यांची रेघ एकच. शून्यं आपण मनात धरायची.”

“मग किती धरलीत?”

तो कागदावर दोनापुढे शून्ये लिहू लागला. ती मटार तसेच टाकून उठून गेली.

मला त्याचे काय! तो माझ्याकडे परतला होता, एवढेच मला कळत होते.

अंदाज खरा ठरला. एक शहर राहिले नाही. समारंभात छायाचित्रे निघाली ती यंत्राची. जो विचारी त्याला तो सांगे, “यंत्रानं काढलं.” मी संतापले. एवढे घोर कर्म, आणि त्याचेही श्रेय तिला!

आता यंत्र मोडीत गेले आहे, पत्नी निवर्तली आहे. परवा नातीने विचारले, “आजोबा, तो हिशेब मशीननंच केला ना?”

 त्याने मला खणातून बाहेर काढले.

“नाही गं, बाळा. मशीन बंद होतं. ही होती आणि मी होतो.”

“बघू?” तिने हात पुढे केला.

“नको! हिला हात लावू नकोस.”

ती हिरमुसून निघून गेली. तेव्हापासून मी दिवसभर त्याच्या मुठीत आहे. जेवताना तो मला मांडीवर ठेवतो, घास तसाच राहतो. दारात नात येते, पाहते आणि परत फिरते. आमच्यामध्ये आता कुणीही नाही.

हे दयाघना, आयुष्यभर मी हेच मागत आले, आणि तू ते दिलेस. आता एकच मागणे. मला याच्या हातून सोडव आणि या मुठीत माझ्या जागी त्या पोरीचे बोट दे. मी जळेन. तरी दे.