तारीख न पडलेला कायदा

"कायदा झाला म्हून तुमीच पेढे वाटले ना भाऊ? मंग आता माझा फारम कवा भरायचा?"

रूपाबाईने हे इतक्या साध्या सुरात विचारलं, की भिवाजीरावांच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. ते पक्षाचे तालुकाध्यक्ष. विधानसभेची निवडणूक लागलेली, सेनगावच्या त्यांच्या कचेरीत माणसांची रीघ. त्या रेट्यात पुसेगावजवळच्या तांड्यावरची ही माजी सरपंच इस्त्रीचं लुगडं नेसून समोर बसली होती. उमेदवारी मागायला आली होती.

भिवाजीराव माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. विधानसभेत आणि लोकसभेत बायकांना राखीव जागा देणारा कायदा दिल्लीत मंजूर झाला हे खरं, पण तो अजून लागू झालेला नाही. आधी देशाची शिरगणती व्हायची. त्या आकड्यांवरून मतदारसंघ नव्याने आखायचे. मग त्यातले कोणते बायकांचे ते ठरायचं.

"अन् शिरगणती कवा?"

"ते अजून ठरलं न्हाई."

"मंग ज्याची तारीख न्हाई, त्याचे पेढे काहून वाटले?"

भिवाजीरावांनी कप खाली ठेवला. "वरून सांगितलं होतं, बाई." मग, काहीतरी द्यायला हवं म्हणून, सभेला तांड्यावरच्या बाया घेऊन या, तुम्हाला स्टेजवर खुर्ची देतो, असं ते म्हणाले. रूपाबाईने हात जोडले आणि ती उठली.

तिला आमदारकी मिरवायची नव्हती. तिला पूल हवा होता.

तांडा आणि पुसेगावचा रस्ता यांच्यामध्ये एक ओढा आहे. उन्हाळ्यात त्याच्या कोरड्या वाळूत शेळ्या बसतात. पावसाळ्यात तो तांड्याला जगापासून तोडतो. काही वर्षांपूर्वी श्रावणात तिच्या सुनेला, शिलाला, कळा सुरू झाल्या तेव्हा ओढा दुथडी भरून चालला होता. तिला बाजेवर घालून काठापर्यंत आणलं. पलीकडे दवाखान्याची गाडी येऊन थांबलेली दिसत होती. पाणी काही उतरेना. शिलाने सासूचा हात घट्ट धरून ठेवला होता. संध्याकाळी तो सैल झाला. पोटातलं लेकरूही तिच्याबरोबर गेलं. मुलगा सुदाम त्यानंतर पुण्याला कामाला गेला. तो होळीलाच तेवढा येतो, आणि आला तरी ओढ्याकडे पाहत नाही.

पुढे सरपंचपद बायकांसाठी सुटलं आणि लोकांनी रूपाबाईला निवडून दिलं. नवऱ्याने कारभार बघायचा अशीच रीत, पण किसनसिंग म्हणाला, "खुर्ची तुही हाय, तूच बस." ती बसली. पहिला ठराव पुलाचा केला. तो ग्रामपंचायतीच्या आवाक्यातला नव्हता, वरून आमदाराचा जोर लागायचा. ती आमदारांच्या बंगल्यावर जात राहिली. प्रत्येक वेळी तिला आत बायकांत बसवून चहा दिला गेला आणि पुढच्या वर्षी बघू, असा निरोप मिळाला. तेव्हाच तिला कळून चुकलं, की निकाल जिथे लागतो तिथे आपलं माणूस बसल्याशिवाय ओढ्यावर दगड पडायचा नाही.

म्हणून कायद्याची बातमी आली तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणी हसली. सेनगावला महिलांचा मेळावा झाला, भिवाजीरावांनी तिला शाल दिली आणि माइकवर 'उद्याच्या आमदार' म्हटलं. त्यांनी टाळ्यांसाठी म्हटलं. तिने ते खरं मानलं. वर्षभर ती तांडे आणि गावं फिरली. कुठे पाणी नाही, कुठे शाळेला मास्तर नाही, बाया तिच्यापाशी बोलू लागल्या.

सेनगावहून परतल्यावर तिने ते लुगडं घडी करून पेटीत ठेवलं. किसनसिंगने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्या हयातीत व्हईल का?" तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. बाया विचारायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाली, "कायदा हाय. पण अजून आपल्यापर्यंत आला न्हाई." सभेला ती गेली नाही.

पुढच्या ज्येष्ठात शेजारच्या मिराबाईच्या सुनेचे, निलमचे, दिवस भरत आले होते. आभाळ भरून यायला लागलं तशी रूपाबाई पुसेगावात जुन्या ओळखीच्या कमलबाईकडे गेली. निलमसाठी सोयाबीनची पोती ठेवायची खोली पावसाळ्यापुरती मागितली. कमलबाईने दुसऱ्याच दिवशी पोती हलवली. मिराबाई मात्र ऐकेना. पहिलं लेकरू घरीच व्हायला पाहिजे, लोक काय म्हणतील, असं तिचं चाललेलं.

"मिराबाई," रूपाबाई म्हणाली, "त्या काठावर मी बसलेली हाय. तू नको बसू."

मिराबाई उठली. तिनेच निलमचं गाठोडं बांधलं.

त्या खोलीत एका दुपारी कमलबाईची लेक प्रतिक्षा मोबाइलवर बातमी वाचत आली. शिरगणती जाहीर झाली होती, ती दोन वर्षांनी व्हायची. मग मतदारसंघ, मग जागा. निलमने रूपाबाईकडे पाहिलं. तांड्यातल्या पोरी तिला याडी, म्हणजे आई, म्हणत.

"याडी, तवा तुमी उभ्या राहाल?"

रूपाबाई तिच्या पायांना तेल चोळत होती. "तवर माझे गुडघे उभे राहू देतील का, ते बघू," ती म्हणाली. "तू पाय सरळ कर."

आषाढात निलम सरकारी दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. दोन दिवस झडी लागलेली, लाईट गेलेली, तांड्यावर एकही फोन लागत नव्हता. रूपाबाई डोक्यावर पोतं घेऊन पुसेगावच्या बाजूने ओढ्यावर आली. पलीकडे मिराबाई आणि दोन-चार माणसं सकाळपासून वाट पाहत उभी होती. रूपाबाईने दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडून सांगितलं. पाण्याच्या गर्जनेत त्यांना काही ऐकू गेलं नाही. मिराबाई कान पुढे करून पाहत राहिली.

मग रूपाबाईने पोतं खाली टाकलं, हातांची झोळी केली आणि ती हळूहळू हलवली.

मिराबाईला कळलं. ती मटकन खाली बसली, तिने चिखलातच कपाळ टेकलं. माणसांनी तिला उठवलं, आणि सगळी तांड्याकडे बातमी सांगायला निघाली.

ती सगळी दिसेनाशी झाली तरी रूपाबाईचे हात, कुशीत काही धरल्यासारखे, पावसात तसेच हलत राहिले.