मापं घेताना

मुलानं माझ्या मोबाइलमध्ये एक बाई बसवून दिली. "आई, मनाच्या डॉक्टर आहेत. दुकानातूनच बोलायचं, कुठं जायला नको."

"माझ्या मनाला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. पण भरली होती, हे त्यालाही माहीत होतं.

आमचं शिवणाचं दुकान. आमची पद्धत अशी, की मी माप घ्यायचं आणि मोठ्यानं बोलायचं, टेबलापाशी आमच्या ह्यांनी ते लिहायचं आणि "हं" म्हणायचं. मग मी पुढचं माप घेणार. माझ्या जन्मभराच्या बडबडीला त्या माणसानं तेवढंच उत्तर दिलं. हे गेले, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या वेळी मी "खांदा साडेचौदा" म्हणून थांबले. मागून काहीच आलं नाही. छाती अशी आवळली, की टेप हातातून गळाला. "उद्या या," म्हणून त्या बाईला वाटेला लावलं. तेव्हापासून नुसत्या उसवलेल्या शिवणी मारत बसलेय. नवीन माप नाही.

मुलगा म्हणतो, जमत नसेल तर शटर ओढ आणि माझ्याकडे ये. म्हणजे त्याच्या सोफ्यावर उशीसारखी ठेवून घेणार मला.

मोबाइलमधली बाई पोरसवदाच. "कसं वाटतंय, काकू?"

"काकू कुणाची? दुकानात मला सगळे वहिनी म्हणतात. आणि झकास वाटतंय. तुमच्या ड्रेसचा खांदा उतरलाय, कोणी शिवला?"

ती हसली. मला वाटलं, जिंकले. पुढच्या खेपांनाही मी तिला अशीच फिरवली. तिचं लग्न, तिची सासू, तिचं जेवण, सगळं मीच विचारलं.

मग एका दुपारी सिस्टरचा निरोप आला. पलीकडच्या दवाखान्यातली ही नर्स आमचं जुनं गिऱ्हाईक. "वहिनी, परवा मापं द्यायला येते." झालं, नवीन माप दारातच आलं. त्या दिवशी बाई पडद्यावर आली आणि मी सगळं ओकून टाकलं. ह्यांचं "हं", माझी छाती, सोफ्यावरची उशी, सगळं. पदर ओला होईस्तोवर रडले. ती सारखी कानाकडे हात नेत होती. मला वाटलं, डोळे पुसतेय बिचारी.

अखेर तिनं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. मी एकेक अक्षर जुळवत वाचलं. माझा आवाज बंद होता. बोटच कुठं लागलं असणार.

चालू केला. "वहिनी, मला काहीच ऐकू आलं नाही. परत सांगाल?"

"मग एवढी रडले ती कुणापुढं? भिंतीपुढं? शिळं मी कुणाला वाढत नाही!"

दुकानात झाकलेली मशीन आणि मी. मग माझ्याच्यानं राहवेना. "मी माप बोलते. कोणी हं म्हणत नाही. एवढंच आहे."

"मग तुम्ही काय करता?"

"गिऱ्हाईक घालवते. रडताना दिसू का लोकांना?"

"दिसलात तर?"

मी मशीनवरचं कापड ओढून सारखं केलं. ती हळूच म्हणाली, "मी फोनवर हं म्हटलं तर चालेल?"

"खबरदार! त्या जागेवर मी माणूस ठेवत नाहीये."

"बरोबर आहे. नाही म्हणणार. फक्त सिस्टरना घालवू नका. थांबायला सांगून बघा."

सिस्टर आली, हात पसरून उभी राहिली. "खांदा पंधरा," मी बोलले. आणि आवळली छाती. "उद्या या" जिभेवर आलं होतं.

"सिस्टर, थांबा जरा. आमचे हे लिहून घ्यायचे. आता मागं कोणी नाही." आणि रडले, तिच्यासमोर, भर दुकानात.

तिनं पाठबीठ थोपटली नाही. तशीच हात पसरून उभी राहिली.

"अगं, हात खाली घे, खांबासारखी काय उभी!" मी नाक पुसलं. टेबलावर खडूनं पंधरा लिहिलं. माझा पाच नेहमीच वाकडा येतो. मग टेप उचलला.

"बाही दहा," मी मोठ्यानं म्हटलं. दुकान गप्पच होतं. मी दहा लिहिलं आणि तिच्या कंबरेला टेप लावला.