कॅप्टनसाठी टोप्या

कॅप्टन सालो गुटकिंडची शवपेटी खड्ड्याशी आली, तशा इलिनॉयच्या जुन्या पलटणीतल्या चाळीस म्हाताऱ्यांनी एकदम टोप्या काढल्या. प्रार्थना म्हणायला आलेले ज्यू धर्मगुरू, रब्बी, अवघडून थांबले. सार्जंट कोर्नी शीहनचं टाळकं सटकलं.

"टोप्या घाला!" तो खेकसला.

"थडग्यापाशी?" शेजारचा डेव्हिन कुजबुजला. "डोकं फिरलं का तुझं? मेलेल्याचा काही मान राखशील की नाही?"

युरोपातल्या पोझनहून आलेला हा ज्यू माणूस अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांचा कॅप्टन होता आणि नंतर बारा वर्षं गावाचा महापौर. गावात नळाचं पाणी त्यानंच आणलं. पण शीहनला आठवत होती ती टेनेसीतली गारठलेली सकाळ. शीहनच्या धाकट्या भावाला, टिमला, पुरताना कॅप्टन उघड्या डोक्यानं उभा होता. संध्याकाळी मात्र तोच तंबूत डोकं झाकून प्रार्थना करताना दिसला. शीहननं कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आमच्यात देवापुढे बोडक्या डोक्यानं उभं राहत नाहीत रे. पण टिमला निरोप द्यायचा, तर तुमच्याच रीतीनं द्यायला हवा ना?"

"ऐका, गाढवांनो," शीहनचा आवाज चिरकला. "लढाईत पडलेल्या आपल्या एकोणीस पोरांसाठी त्यानं टोपी काढली. आज त्याच्या एकट्यासाठी आपण घालायची."

चाळीस टोप्या पुन्हा डोक्यांवर चढल्या. रब्बींनी प्रार्थना सुरू केली.

डेव्हिननं हात पुढे करून शीहनची टोपी हळूच सरळ केली.

"वाकडी होती," तो म्हणाला. "कॅप्टन ओरडेल."